बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आत पैसा का संपतो? नागपुरात कॅन्सरचा खर्च पेलताना

काटोलकडच्या माझ्या काकांच्या तोंडात चट्टा आला, तेव्हा कितीतरी दिवस त्यांनी तो कोणाला दाखवलाच नाही. दिवसाला सहा-सात खर्रे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुड्या, खाणारा माणूस. तोंड उघडून दोन बोटंही आत जाईनात, तेव्हा काकू आमच्या दारात येऊन बसली. पुढच्या एकोणीस दिवसांत ९३ हजार रुपये गेले. त्यात एका खाजगी दवाखान्यातली चार दिवसांची भरती होती, दोनदा केलेला सीटी स्कॅन होता, आणि एक पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारी महागडी तपासणी) होता, जो पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाहिला आणि म्हणाले, "याची आत्ता गरज नव्हती." एकोणिसाव्या दिवशी उपचाराचं अजून नावही नव्हतं. संत्र्याचा बहार व्यापाऱ्याला आधीच देऊन झाला होता.

त्यानंतरच्या वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर मी रुग्णालयाच्या रांगांत उभा राहिलो. प्रत्येक वेळी तेच दिसलं. सरकारी योजना आजाराला नाव मिळाल्यावर सुरू होते आणि घरातला पैसा नाव मिळायच्या आधीच संपतो. म्हणून या लेखात आधी पहिले तीन आठवडे घेतो, मग पुढचा खर्च.

हे फक्त आपल्याच घरात होतं असंही नाही. आग्नेय आशियातल्या आठ देशांत साडेनऊ हजारांवर कर्करुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. वर्षाअखेर २९ टक्के रुग्ण दगावले होते आणि ४८ टक्के घरं कर्जात किंवा खर्चात बुडाली होती. जिवंतही आणि पैशानेही सावरलेले असे चारातला एकही पुरता नव्हता. भारतात आजही आरोग्यावरच्या एकूण खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरतात. कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारात हा वाटा पगारातून जात नाही, तो शेत, सोनं आणि मुलांच्या शिक्षणातून जातो.

पहिला दिवस: दवाखान्याबरोबरच रेशन कार्ड

संशय आला की डॉक्टरकडे जायचंच, उशीर करायचा नाही. पण त्याच दिवशी घरातल्या एका माणसाने कागदांच्या मागे लागायचं. आमच्याकडे सगळे जण काकांबरोबर गेले आणि कागद कोणीच पाहिले नाहीत.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्र चालतात. पूर्वी ही योजना मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची होती. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पांढरं कार्ड आहे म्हणून "आपल्याला नाही मिळत" असं समजून बसलेली घरं मी आजही पाहतो. त्यांनी तसं समजू नये.

अडतं ते तीन ठिकाणी. रेशन कार्डावर रुग्णाचं नावच नसतं, बहुधा लग्न होऊन आलेल्या सुनेचं किंवा वेगळ्या राहणाऱ्या आईचं. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही, एकीकडे 'शांताबाई', दुसरीकडे 'शांता'. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. काकांचं हे तिसरं होतं. आधार केंद्रात नंबर बदलून तो चालू होईपर्यंत आठवडा गेला. तुमच्या घरात आज कोणी आजारी नसेल, तरी या तीन गोष्टी या रविवारी तपासून ठेवा.

त्याच दिवशी तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर अर्ज टाका. पंधरा दिवस लागतील असं धरून चाला. आयुष्मान कार्ड रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, किंवा गावातल्या सेवा केंद्रात निघतं. ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. चौकशीसाठी राज्याच्या योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि केंद्राचा १४५५५.

छिंदवाडा, बालाघाट, सिवनीकडून नागपुरात येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्राची योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. तुमचं चालेल ते आयुष्मान कार्ड, म्हणून ते आपल्या गावातूनच काढून आणा. इथे भाड्याच्या खोलीत बसून ते काढायला गेलात, तर खोलीचं भाडंच जड होतं.

कुठे जायचं

नागपुरात पर्याय आहेत, आणि विदर्भातल्या माणसाने त्याचा फायदा घ्यावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपलं मेडिकल आहे. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. मिहानमध्ये एम्स आहे, ते डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था, म्हणजे एनसीआय आहे. यापैकी कुठेही जाण्याआधी चार प्रश्न विचारा, आणि ते ओपीडीतल्या डॉक्टरला नव्हे, आरोग्यमित्राच्या किंवा समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलावर. माझ्या रुग्णाचा हा आजार इथे योजनेत होतो का? शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं यंत्र आज चालू आहे का? नंबर किती दिवसांनी लागेल? योजनेबाहेर मला काय काय भरावं लागेल?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. योजना पॅकेजवर चालते. शस्त्रक्रियेचं पॅकेज असतं, किमोच्या एकेका सायकलचं, म्हणजे फेरीचं असतं, शेकाचं असतं. त्यात भरती, औषध आणि जेवण येतं. सुट्टी झाल्यावर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या साध्या डब्याचं भाडंही योजनेत आहे, ते हक्काने मागा. पण आजार शोधण्यासाठीच्या तपासण्या बहुतेकदा आधीच स्वतःच्या पैशाने झालेल्या असतात. मंजुरीसाठी बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट लागतो, आणि त्या रिपोर्टपर्यंतचा रस्ता आपल्या खिशातून जातो. आमचे ९३ हजार याच रस्त्यावर गेले.

म्हणून बायोप्सी सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयातच करा. तिथे ती कमी पैशात होते. मुख्य म्हणजे तिचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, आणि काचा, म्हणजे स्लाइड्स, जपून ठेवलेल्या असतात आणि मागितल्या तर मिळतात. पुढच्या रुग्णालयात गेलात तर पुन्हा तुकडा काढायची गरज पडत नाही, त्याच काचा परत तपासता येतात. काकांच्या बाबतीत पहिल्या ठिकाणी आम्ही काचा मागितल्याच नाहीत आणि दुसऱ्यांदा जबड्यातून तुकडा काढावा लागला. पैशापेक्षा त्या दुखण्याचं वाईट वाटतं.

स्कॅनचंही तेच. फक्त कागदी रिपोर्ट घेऊ नका, सीडी घ्या. पेट स्कॅन कोणी लिहून दिला तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, याच्या निकालावर उपचार बदलणार आहे का?" उत्तर नाही असेल, तर तो पुढे ढकलता येतो का हेही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मुंबईला जायचं का?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतोच. "टाटाले दाखवल्याशिवाय मन मानत नाही बाप्पा," असं काकूही म्हणाली होती. मत घ्यायला परळला जरूर जा. पण पूर्ण उपचार तिथे करायचा की नागपुरात, हे ठरवताना शेकाचा हिशेब घाला. तोंडाच्या कॅन्सरला शस्त्रक्रियेनंतर साधारण तीस-तेहतीस वेळा शेक देतात. आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सहा-सात आठवडे. रुग्णाबरोबर एक माणूस हवाच, म्हणजे त्याची मजुरी बुडते. बाहेर घेतलेली खोली, तिथलं जेवण, रोजचा प्रवास हे योजनेच्या पॅकेजमध्ये नाही. कितीतरी घरं औषधाने बुडत नाहीत, या दीड महिन्याने बुडतात. काकांचं मत आम्ही टाटाचं घेतलं आणि शेक नागपुरात दिला. बहुतेक नेहमीच्या कॅन्सरमध्ये ही विभागणी चालते. मात्र रक्ताचा, हाडाचा किंवा लहान मुलांचा काही विशेष कॅन्सर असेल आणि डॉक्टरांनीच मोठ्या केंद्राला पाठवलं, तर पैशासाठी अडून राहू नका.

जायचं झालं तर रेल्वेची सवलत घ्या. ठरलेल्या फॉर्मवर रुग्णालयाची सही-शिक्का आणला की स्लीपर आणि थर्ड एसीत कर्करुग्णाला तिकीट माफ असतं, बरोबरच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. हे तिकीट खिडकीवर निघतं, मोबाइलवर नाही. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन जागा आधी फोन करून बघाव्यात. गर्दी असते.

पाच लाखांत बसत नसेल तर

दुसरी दारं ठोठावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका दाराचा कागद पुढच्या दारात लागतो.

मुख्यमंत्री सहायता निधीतून आजारपणासाठी मदत मिळते. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत असावं लागतं. तहसीलदारांचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, निदानाचे रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड जोडावं लागतं. पैसे रुग्णाच्या नव्हे, रुग्णालयाच्या खात्यात जातात. बिल भरून, सुट्टी घेऊन मग अर्ज केला तर काही मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घराने असाच सुट्टीनंतर अर्ज केला आणि ते रिकाम्या हाताने परतले. भरतीच्या दिवशीच अर्ज करा. आता त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

विश्वस्त संस्थेचं रुग्णालय असेल तर वेगळा हक्क आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली, २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न म्हणजे निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत म्हणजे दुर्बल. मोठ्या, चकचकीत इमारती पाहून लोक विचारायलाही घाबरतात. विचारा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा खाट निघते. नाहीच निघाली, तर नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज द्या.

दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णासाठी केंद्राचा आरोग्यमंत्री कर्करोग रुग्ण निधी २००९ पासून आहे. तो देशातल्या प्रादेशिक कर्करोग केंद्रांतून मिळतो, आणि आपलं तुकडोजी रुग्णालय त्यातलं एक आहे. पॅकेजमध्ये न बसणाऱ्या उपचारासाठी तिथल्या समाजसेवा विभागात याबद्दल विचारा.

हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या कामगारांनी तर सगळ्यात आधी पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची कपात पाहावी. ती होत असेल तर उपचार ईएसआयसीतून किंवा त्यांनी पाठवलेल्या रुग्णालयात होतात. शिवाय कॅन्सरसारख्या आजारात, सलग दोन वर्षं नोकरी झाली असेल तर, विस्तारित आजार लाभ म्हणून ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजारी माणूस घरी बसल्यावर चूल कशाने पेटणार, याचं उत्तर देणाऱ्या योजना मोजक्या आहेत. ही त्यातली एक. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारासाठी उचल मिळते. ज्यांची काही नोकरीच नाही, त्यांनी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करावा. कर्करुग्ण तिच्यात बसतात. महिन्याला १,५०० रुपये येतात, उत्पन्नाची मर्यादा मात्र फार कमी, वर्षाला २१ हजार आहे.

औषधाचं दुकान

इथे थोडं थांबतो, कारण किमोच्या खर्चात फरक पडतो तो इथे.

एकाच औषधाची किंमत किती वेगळी असू शकते ते बघा. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब. मूळ कंपनीचं महिन्याचं औषध २ लाख ८० हजारांना होतं. मार्च २०१२ मध्ये सरकारने भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट दुसऱ्याचं असूनही ते औषध बनवायची मुभा दिली आणि तेच औषध ८,८०० रुपयांत आलं. गोळीतला घटक तोच. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवर विक्रीतला नफा ३० टक्क्यांवर आणला गेला, त्यानेही भाव उतरले.

म्हणून डॉक्टरांना सांगा, कंपनीचं नव्हे, औषधातल्या घटकाचं मूळ नाव लिहून द्या. ते नाव घेऊन तीन ठिकाणी भाव काढा: रुग्णालयातलं दुकान, जनऔषधी किंवा अमृत हे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, आणि गंजीपेठेतल्या दवा बाजारातला ठोक विक्रेता. छापील किंमत बघून घाबरू नका, कॅन्सरच्या इंजेक्शनवर छापील किंमत आणि खरा भाव यांत मोठी तफावत असते. रुग्णालयाच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. पण स्वस्ताच्या मागे लागून बिलाशिवाय इंजेक्शन कधीच घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत रिकाम्या बाटल्यांत बुरशीवरचं औषध भरून महागडी कॅन्सरची इंजेक्शनं म्हणून विकणारी टोळी पकडली गेली. बिलावर बॅच नंबर असावा, थंड ठेवायचं इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून न्यावं, आणि वापरलेली बाटली आपल्या डोळ्यांसमोर लेबल खरवडून फेकायला सांगावी.

आणखी एक. महाग तेच चांगलं, हा समज कॅन्सरमध्ये फार घरं खातो. काकांना शेकाबरोबर दिलेलं सिस्प्लॅटिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. जगभर आजही तेच देतात. आजार पुढे गेलेल्या तोंड-घशाच्या रुग्णांसाठी टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दोन स्वस्त मार्ग तपासले आहेत. एक, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या. २०२० च्या अभ्यासात त्या सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरल्या. दुसरा, निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचा, नेहमीच्या सुमारे दहाव्या भागाएवढा, २० मिलिग्रॅमचा डोस. २०२२ च्या अभ्यासात या डोसची भर घातल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तुमच्या रुग्णाला हे लागू पडेल की नाही ते डॉक्टरच सांगतील. पण इम्युनोथेरपीचे लाखोंचे आकडे ऐकून शेत विकायच्या आधी "कमी डोसचा पर्याय आहे का?" एवढं विचारायला काय हरकत आहे?

कर्ज काढायचंच झालं तर

काकांनी गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे घेतले. म्हणजे वर्षाला ६० टक्के. आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं. सोनं असेल तर ते विकण्याआधी आणि सावकाराकडे जाण्याआधी बँकेत गहाण ठेवा. परवानाधारक सावकारालाही महाराष्ट्रात शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही, इतरांसाठी ही मर्यादा १५ आणि १८ आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. कोऱ्या स्टँप पेपरवर किंवा शेताच्या 'नावापुरत्या' खरेदीखतावर सही अजिबात करू नका. तसं झालंच असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

रुग्णालयाच्या आवारात "योजनेत बसवून देतो" म्हणणारे लोक भेटतात. आरोग्यमित्र पैसे घेत नाही, आणि कार्डाचेही पैसे लागत नाहीत. जो मागतो तो दलाल.

डॉक्टरांना विचारायचा अवघड प्रश्न

उपचाराचा हेतू काय आहे? आजार पूर्ण बरा करायचा आहे, की आवरून धरायचा आहे, की त्रास कमी करायचा आहे? हे स्पष्ट विचारा, आणि रुग्णाची तयारी असेल तर त्याच्यासमोर विचारा. आमच्याकडे हा प्रश्न कोणी तोंडावर आणत नाही आणि शेवटच्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त पैसा जातो, बहुतेकदा आयसीयूत. बरं होण्यासारखं नसेल तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ असतं. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर त्या मिळणंही सोपं झालं आहे, आणि वेदनेने तळमळणारा माणूस त्यांनी रात्रभर झोपतो. नागपुरात स्नेहांचलसारखं उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी देणारं केंद्र आहे. तिथे जाणं म्हणजे हार मानणं असं समजू नका. माझ्या शेजारच्या आजीचा शेवटचा महिना अशाच काळजीत गेला आणि तिच्या घरच्यांना एक एकरही विकावा लागला नाही.

फाइल

काकू सगळे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबून आणायची. एकदा मंजुरीसाठी मूळ बायोप्सी रिपोर्ट मागितला आणि तो सापडेना. ओपीडीच्या बाकावर आम्ही दोघांनी पिशवी पालथी केली. औषधांच्या पावत्या, बिस्किटाचा पुडा, देवीचा अंगारा, आणि सगळ्यात खाली, दुमडून दुमडून फाटत आलेला तो रिपोर्ट. त्या दिवशी नंबर गेला, किमो चार दिवस पुढे गेली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला पन्नास रुपयांची प्लास्टिकच्या खिशांची फाइल घ्यायला लावतो. पहिल्या खिशात रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला. दुसऱ्यात बायोप्सी आणि काचांची पावती. तिसऱ्यात स्कॅनच्या सीडी. पुढच्या खिशांत सुट्टीचे कागद तारखेप्रमाणे, शेवटच्यात सगळी बिलं. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये. मुखपृष्ठाच्या आत रुग्णाचा रक्तगट, चालू औषधं आणि आरोग्यमित्राचा फोन नंबर.

उपचार संपला तरी ही फाइल माळ्यावर टाकू नका. पहिलं वर्ष दर एक-दोन महिन्यांनी, मग हळूहळू अंतर वाढवत पाच वर्षं तपासणीला जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मागचे कागद विचारतात. त्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, आणि त्या दिवसांचं एसटीभाडं दर महिन्याला थोडं थोडं बाजूला काढून फाइलच्याच एका खिशात ठेवा. काकू ते शंभराच्या नोटांनी भरते. काकांची पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारची आहे.